हेलिकॉप्टरमागचं गाणं

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकी बँडच्या पाच छोट्या तबकड्या 'बिलबोर्ड'च्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढल्या आणि तिथेच अडल्या. पहिला क्रमांक त्यांच्या नशिबी एकदाही आला नाही. बँडचं आयुष्यही बेताचंच. १९६८ साली पहिला अल्बम आला आणि १९७२ साली फाटाफूट झाली. तेवढ्या काळात सात अल्बम निघाले, त्यांतले तीन एकट्या १९६९ सालातले. बहुतेक गाणी अडीच-तीन मिनिटांत आटोपणारी. कपडे म्हणाल तर चौकड्यांचे साधे शर्ट. बाकीचं रॉक जग रंगीत धुरात तरंगत असताना हे चौघे सकाळी कारखान्यात हजेरी लावावी तसे तालमीला जात, आणि तालमीच्या जागेला म्हणतही 'फॅक्टरी'च.

अशा या बँडने पुढच्या पन्नास वर्षांत सिनेमाच्या पडद्यामागे जेवढा संसार केला, तेवढा मोठमोठ्या नावांनाही जमला नाही. व्हिएतनाम दाखवायचं असो, लांडग्यात रूपांतर होणारा विद्यार्थी असो की लॉस एंजेलिसमधला गाऊन घालून हिंडणारा आळशी माणूस असो, दिग्दर्शकाचा हात क्रीडन्सच्याच रेकॉर्डकडे गेला आहे. गंमत अशी की ही गाणी ज्याने लिहिली आणि गायली त्या जॉन फोगर्टीला बराच काळ यात विचारलंच जात नव्हतं.

या संग्रहातले लेख रॉक बँडची गाणी आणि सिनेमा यांच्या सोयरिकीविषयी आहेत. प्रस्तावनेत सगळ्यांची हजेरी घ्यायची म्हटली तर 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या सुरुवातीला 'द डोअर्स' हवेत, स्कोर्सेसीबरोबर 'रोलिंग स्टोन्स' हवेत, 'वेन्स वर्ल्ड'मध्ये गाडीत माना हलवणाऱ्या पोरांबरोबर 'क्वीन' हवेत. ती सगळी पुढे येतीलच. मी इथे एकाच बँडला धरून बसणार आहे, कारण गाण्याची मालकी, गाण्याचा अर्थ आणि सिनेमाची सोय या तिन्ही गोष्टी इतक्या उघड्यावर एकमेकींशी भांडताना मला दुसरीकडे कुठे दिसल्या नाहीत.

आपल्या वाचकाला यातली मूळ गोष्टच जरा उलटी वाटेल. आपल्याकडे गाणं बहुतेकदा सिनेमासाठीच जन्माला येतं. प्रसंग सांगितला जातो, पेटी पुढे ओढली जाते, चाल बसते. 'इंडियन ओशन'सारख्या रॉक बँडलाही 'ब्लॅक फ्रायडे'साठी नव्यानेच गाणी बांधावी लागली. अमेरिकेत १९५५ सालच्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'ने बिल हेलीचं आधीच बाजारात आलेलं गाणं श्रेयनामावलीवर वाजवलं आणि थिएटरातली पोरं खुर्च्या सोडून नाचायला लागली, तेव्हा स्टुडिओवाल्यांच्या लक्षात आलं की तयार गाणंही चालतं. १९६७च्या 'द ग्रॅज्युएट'मध्ये सायमन आणि गारफंकल आले. १९६९च्या 'ईझी रायडर'ने तर सगळा सिनेमाच रेडिओ लावून मोटरसायकल चालवावी तसा रचला. त्या सिनेमात 'द बँड'चं एक गाणं आहे; पण सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्ड निघाली तेव्हा त्यावर ते गाणं दुसऱ्याच एका बँडच्या आवाजात होतं. रेकॉर्ड कंपन्यांचं आपसात जमलं नाही, एवढंच कारण.

इथे या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तयार गाणं सिनेमात घ्यायचं तर दोन परवानग्या लागतात. शब्द आणि चाल ज्याच्या नावावर आहे त्याची एक, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ज्याच्या मालकीचं आहे त्याची दुसरी. पहिलीला 'सिंक' म्हणतात, दुसरीला 'मास्टर'. गायक जिवंत आहे, धडधाकट आहे आणि त्याला तो सिनेमा मुळीच पसंत नाही, या गोष्टीला तिसरी परवानगी म्हणून काहीही जागा नाही.

हे चौघे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडच्या एल सेरिटो या गावचे. जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, बेस वाजवणारा स्टू कुक आणि ड्रमवरचा डग क्लिफर्ड. शाळेपासून एकत्र वाजवत होते. गाणी मात्र अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोरं लुइझियानाच्या दलदलीत, नदीकाठच्या झोपडीत वाढली. जॉन फोगर्टी तिथे कधीच राहिला नव्हता. ज्या 'ग्रीन रिव्हर'वर त्याने गाणं केलं ती खरं तर लहानपणी सुट्टीत पाहिलेली कॅलिफोर्नियातली एक ओढावजा नदी, आणि नाव घेतलेलं एका सरबताच्या बाटलीवरून. म्हणजे देखावा उभा करण्याची कला या माणसात आधीपासून होती. 'बॅड मून रायझिंग' हे गाणं तर त्याला सुचलंच मुळी एका सिनेमावरून. १९४१ सालच्या 'द डेव्हिल अँड डॅनियल वेबस्टर'मध्ये वादळाने शेतीचा विध्वंस होतो, तो प्रसंग त्याच्या डोक्यात बसला होता. सिनेमातून निघालेलं हे गाणं पुढे सिनेमातच परत गेलं, त्याची गोष्ट पुढे येते.

'फॉर्च्युनेट सन' हे त्यांचं आज सर्वांत जास्त ऐकू येणारं गाणं १९६९च्या शरद ऋतूतलं. अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. आपल्याकडे ती कधीच नसल्यामुळे तिची धास्ती आपल्याला कल्पनेनेच समजून घ्यावी लागते. अठरा वर्षांच्या पोराच्या घरी पत्र यायचं आणि त्याला जावं लागायचं. पण कॉलेजात शिकत असाल तर सूट होती, डॉक्टरचा दाखला मिळाला तर सूट होती, नॅशनल गार्डमध्ये वशिल्याने शिरता आलं तर व्हिएतनाम टळत होतं. थोडक्यात, ज्यांच्या बापाकडे काही होतं त्यांच्याकडे वाटा होत्या. डिसेंबर १९६८मध्ये, नुकत्याच निवडून आलेल्या निक्सनच्या मुलीचं माजी अध्यक्ष आयझेनहॉवरच्या नातवाशी लग्न झालं. त्या थाटाकडे पाहून फोगर्टीचं माथं भडकलं, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. तो नातू, डेव्हिड, नंतर तीन वर्षं नौदलात होता, हेही न्यायाने सांगायला हवं. खुद्द फोगर्टीला १९६६ साली भरतीचं पत्र आलं होतं. त्याने राखीव दलात नाव घालून दिवस काढले, व्हिएतनामला तो गेला नाही. म्हणून या गाण्यातला राग परका वाटत नाही. निशाण फडकवणाऱ्यांवर त्याचा राग नाहीच. दुसऱ्यांच्या पोरांना पुढे करून निशाण फडकवणाऱ्यांवर आहे. सव्वादोन मिनिटांचं गाणं, त्यात उसंत कुठेच नाही.

१९६९च्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉक झालं. त्या महोत्सवाला होकार देणारं पहिलं मोठं नाव क्रीडन्सचं, आणि त्यांच्या होकारामुळे बाकीचे आले असं मानलं जातं. पण त्यांच्या आधी 'ग्रेटफुल डेड'चा कार्यक्रम लांबत गेला आणि यांची पाळी मध्यरात्र उलटल्यावर आली. समोर चिखलात लोक पेंगत होते. आपण चांगलं वाजवलं नाही, असं फोगर्टीचं मत झालं आणि 'वुडस्टॉक' या माहितीपटात आपला भाग घालू द्यायला त्याने नकार दिला. बाकीच्या तिघांना तो निर्णय पटला नव्हता. त्या सिनेमाला पुढे ऑस्कर मिळालं, त्यातले कितीतरी जण घराघरात पोचले, आणि महोत्सवाचा पहिला मानकरी मात्र पडद्यावर औषधालाही नाही. सिनेमाला फोगर्टीने स्वतःच्या तोंडाने दिलेला हा मोठा नकार. यानंतर सिनेमावाल्यांना हो-नाही म्हणण्याचा अधिकार त्याच्या हातून जवळजवळ गेलाच.

तो गेला कसा, तर तरुणपणी न वाचता केलेल्या सहीमुळे. फँटसी रेकॉर्ड्स ही मूळची जॅझची छोटी कंपनी. तिथे विक्री बघणाऱ्या सॉल झँट्सने भागीदार जमवून १९६७ साली ती विकत घेतली. क्रीडन्सच्या करारात गाण्यांची मालकी कंपनीकडे होती, ध्वनिमुद्रणांची कंपनीकडे होती, आणि बँडने अजून किती अल्बम द्यायचे याचं ओझंही भलंमोठं होतं. बँड फुटल्यावर या करारातून सुटण्यासाठी फोगर्टीने रेकॉर्डवर कलाकार म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. आपल्याकडे गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देताच येऊ नये, अशी तरतूद २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने झाली आणि त्यासाठी जावेद अख्तरांना राज्यसभेत भांडावं लागलं. ती होईपर्यंत आपल्याही कितीतरी जणांची हयात सरली होती. फोगर्टी इतका कडवट झाला की पंधरा वर्षं त्याने मंचावर स्वतःची क्रीडन्सची गाणी म्हटलीच नाहीत. गायलो तर पैसे झँट्सला जातील, हा हिशेब. १९८७ साली एका क्लबात बॉब डिलनने त्याला टोकलं की तू गात नाहीस तर 'प्राउड मेरी' टीना टर्नरचंच गाणं आहे असं लोक धरून चालतील. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने ती गाणी पुन्हा म्हटली.

झँट्सचं पुढे काय झालं, हे या पुस्तकाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. तो सिनेमाचा निर्माता झाला, आणि साधासुधा नव्हे. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' (१९७५), 'अमेडियस' (१९८४) आणि 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) या तिन्ही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सुरुवातीचं भांडवल क्रीडन्सच्या रेकॉर्डनीच जमवून दिलं होतं. झँट्सला नुसता खलनायक करून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. ज्याने 'ककूज नेस्ट'मागे पैसा उभा केला त्या माणसाला दृष्टी होती. पण त्याच्या तीन ऑस्करमधलं एक मोत्सार्टवरच्या सिनेमाला आहे, आणि मोत्सार्टच्या संगीताला मालकच उरलेला नाही, ही गोष्ट आठवली की हसू येतं.

आता गाणी सिनेमात काय करतात ते पाहू. १९७८ साली कारेल राइस या दिग्दर्शकाने रॉबर्ट स्टोनच्या 'डॉग सोल्जर्स' या कादंबरीवर सिनेमा केला. व्हिएतनाममधून अमेरिकेत हेरॉइन आणणाऱ्या माणसांची ती गोष्ट, निक नोल्टी नायक. कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेलं, तरी अमेरिकेत सिनेमा लागला तो 'हूल स्टॉप द रेन' या क्रीडन्सच्या गाण्याचं नाव घेऊन. ब्रिटनमध्ये मूळचं नाव राहिलं. गाण्यातला पाऊस म्हणजे युद्ध, असाच सगळ्यांचा समज झाला होता आणि सिनेमाने त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं. फोगर्टी मात्र आपल्या कार्यक्रमांतून हे गाणं सांगताना वुडस्टॉकचा पाऊस आणि त्यात भिजत उभे असलेले लोक यांची गोष्ट सांगतो. ज्या महोत्सवाच्या सिनेमातून त्याने स्वतःला वगळलं, त्याच महोत्सवातून निघालेलं गाणं व्हिएतनामच्या सिनेमाला नाव देऊन गेलं. सिनेमा चांगला आहे, हे सांगायला हवं. त्यात गाणं शोभेचं नाही, थकलेल्या माणसांच्या खोलीत ते कोंदून राहिल्यासारखं येतं. पुढच्याच वर्षी 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये जवानांपुढे नाचणाऱ्या मुलींच्या प्रसंगात 'सूझी क्यू' वाजलं, तेही क्रीडन्सचं नव्हे, दुसऱ्या एका बँडने वाजवलेलं. मूळ गाणं डेल हॉकिन्सचं. पण ऐकणाऱ्याच्या मनात तोवर व्हिएतनाम आणि क्रीडन्स यांची गाठ पक्की बसत चालली होती.

ही गाठ पूर्ण खोटी होती असं नाही. व्हिएतनाममध्ये लष्कराच्या रेडिओवर, छावणीतल्या टेपवर जवान क्रीडन्स ऐकत होते. तक्रार एवढीच, की बँडच्या सगळ्याच गाण्यांना तो एक गणवेश चढवला गेला.

जॉन लँडिस या दिग्दर्शकाने तो चढवला नाही. १९८१ सालच्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये त्याने चंद्राची गाणी गोळा केली. व्हॅन मॉरिसनचं एक, 'ब्लू मून' तीन वेगवेगळ्या आवाजांत, आणि क्रीडन्सचं 'बॅड मून रायझिंग'. इंग्लंडच्या माळावर लांडग्याने चावलेला अमेरिकी विद्यार्थी डेव्हिड आता लंडनमध्ये एका नर्सच्या घरी आहे. ती कामावर गेली आहे. दुपार रिकामी. तो फ्रिज उघडतो, बंद करतो. पुस्तक हातात घेतो, ठेवतो. या खोलीतून त्या खोलीत जातो. भूक नाही, झोप नाही, करमत नाही. बाहेर पौर्णिमा व्हायची आहे हे आपल्याला माहीत आहे. आणि या सगळ्यावर ते गाणं उड्या मारत चाललेलं आहे. 'बॅड मून रायझिंग'ची खुबी हीच, की शब्द सर्वनाशाचे आणि चाल जत्रेतली. फोगर्टीने हा विरोध मुद्दाम ठेवला की आपसूक झाला, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. लँडिसला तो ऐकू आला आणि त्याने प्रसंग त्याच्यावर तोलून धरला. रात्री डेव्हिडची हाडं लांबायला लागतात तेव्हा भडक प्रकाशात सगळं दिसतं, आणि मागे सॅम कुकचं मखमली 'ब्लू मून'. त्या रूपांतराच्या रंगभूषेसाठी रिक बेकरला ऑस्कर मिळालं. मला विचाराल तर त्या फ्रिजच्या दारालाही काहीतरी मिळायला हवं होतं.

दोन वर्षांनी 'ट्वायलाइट झोन'वरच्या सिनेमाची सुरुवात लँडिसनेच केली. रात्रीचा रस्ता, गाडीत दोघे जण, टेपवर क्रीडन्सचं 'मिडनाइट स्पेशल', दोघेही बेसूर गाताहेत. मग टेप गाडीच्या यंत्रात अडकते, गाणं तुटतं आणि दोघांना वेळ घालवायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. पुढे जे होतं ते बघण्यासारखं आहे.

१९८५ साली फोगर्टीने बऱ्याच वर्षांनी अल्बम काढला. त्यातल्या 'द ओल्ड मॅन डाउन द रोड'ची चाल 'रन थ्रू द जंगल'वरून उचलली आहे, असा फँटसीने दावा लावला. 'रन थ्रू द जंगल' कोणाचं? फोगर्टीचंच. मालकी मात्र कंपनीची. म्हणजे स्वतःसारखं गायल्याबद्दल माणूस कोर्टात. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला. फोगर्टी साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला, दोन्ही गाणी वाजवून त्याने आपली ढब म्हणजे काय आणि चोरी म्हणजे काय ते ज्यूरीला दाखवलं आणि जिंकला. मग वकिलांचा खर्च कोणी द्यायचा यावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ मार्च १९९४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी फोगर्टीच्या बाजूने कौल दिला: अशा दाव्यांत जिंकलेल्या प्रतिवादीला खर्च देण्याची कसोटी वादीपेक्षा कडक असता कामा नये. नंतर त्याला साडेतेरा लाख डॉलरच्या आसपास खर्च मिळाला.

चारच महिन्यांनी, जुलै १९९४मध्ये, 'फॉरेस्ट गंप' लागला.

त्यातला प्रसंग आठवून पाहा. हेलिकॉप्टर व्हिएतनामवर येतं, खाली छावणी, 'फॉर्च्युनेट सन'चा ड्रम सुरू होतो, फॉरेस्ट आणि बब्बा उतरतात, लेफ्टनंट डॅन भेटतो. गाणं तिथे बसतं का? एका अर्थी फार चपखल बसतं. अलाबामाचा मंदबुद्धी पोरगा आणि कोळंबी पकडणाऱ्यांच्या घरातला काळा पोरगा, यांच्यापैकी कोणालाच वाट काढून देणारा बाप नाही. पण दिग्दर्शक झेमेकिसचा कॅमेरा हे सांगायला थांबत नाही. गाण्यातल्या रागाची त्याला गरज नाही, त्याला १९६०चं दशक हवं आहे. आणि तेही नेमकं हाती लागत नाही. फॉरेस्ट युद्धावरून परतल्यावर त्याला पदक देतो तो अध्यक्ष लिंडन जॉन्सन. जॉन्सनने व्हाइट हाउस सोडलं जानेवारी १९६९मध्ये. 'फॉर्च्युनेट सन' आलं त्याच वर्षी शरदात, आणि ज्या लग्नाने ते सुचवलं ते झालं आदल्या डिसेंबरात. म्हणजे गंप उतरतो तेव्हा ते गाणं लिहिलंच गेलेलं नाही. कालविपर्यास शोधून मिरवण्यात मला फारसा रस नसतो, पण इथे गाणं आणलंच आहे तारखेचा शिक्का म्हणून, आणि शिक्क्यावरची तारीखच चुकली आहे. आमिर खानने २०२२ साली 'लालसिंग चढ्ढा' केला तेव्हा व्हिएतनामच्या जागी कारगिल आलं, प्रीतमची नवी गाणी आली. असा राग शिक्क्यासारखा वापरायला आपल्याकडे नव्हताच. आपल्या सैन्यात माणूस स्वतःहून भरती होतो, आणि आपली युद्धगीतंही बहुतेक सिनेमानेच पुरवलेली.

'गंप'नंतर मात्र तो शिक्का सर्वांच्या टेबलावर आला. हेलिकॉप्टर म्हटलं की क्रीडन्स. २०१७ सालच्या 'काँग: स्कल आयलंड'मध्ये तर १९७३ साल दाखवायला 'बॅड मून रायझिंग' आणि 'रन थ्रू द जंगल' दोन्ही आणली. 'बॅटलशिप' (२०१२) हा परग्रहवासीयांशी लढणाऱ्या अमेरिकी नौदलाचा सिनेमा, खऱ्या नौदलाच्या सहकार्याने केलेला. त्याच्या शेवटी श्रेयनामावलीवर 'फॉर्च्युनेट सन' दणदणीत वाजतं. कोणाला काही खटकलं असेल असं वाटत नाही. त्याआधी एका जीन्स कंपनीने याच गाण्याच्या सुरुवातीच्या निशाणाच्या ओळी घेऊन जाहिरात केली आणि जिथे टोमणा सुरू होतो तिथे कात्री लावली. फोगर्टीने जाहीरपणे चीड व्यक्त केली. पण जाहिरात थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

'रन थ्रू द जंगल'चं तर आणखी वाटोळं झालं. नावात जंगल आहे म्हटल्यावर ते व्हिएतनामचंच, असं गृहीत धरलं गेलं. फोगर्टीने वारंवार सांगितलं आहे की ते गाणं अमेरिकेत गल्लोगल्ली पसरलेल्या बंदुकांविषयी आहे. जंगल म्हणजे त्याचा स्वतःचा देश.

आणि म्हणून १९९८ सालचा 'द बिग लेबाउस्की' मला या सगळ्या यादीत वेगळा वाटतो. कोएन बंधूंच्या या सिनेमातला ड्यूड १९९०च्या दशकात राहतो, पण मनाने तो कधीच पुढे सरकलेला नाही. त्याच्याकडे जुनी खटारा फोर्ड टोरिनो आहे, आणि गाडीत क्रीडन्सच्या कॅसेट. गाडी चोरीला जाते. आत दहा लाख डॉलरची समजली जाणारी बॅग आहे. पोलिसांकडे तक्रार लिहून देताना ड्यूड बॅगेबरोबर टेपरेकॉर्डर आणि क्रीडन्सच्या कॅसेटही नोंदवतो. पुढे गाडी सापडते तेव्हा पोलीस त्याला सांगतो की टेप जागेवर आहे, क्रीडन्सही आहे. बॅग नाही. इथे गाणं काळ दाखवायला आलेलं नाही. ती त्या माणसाची मालमत्ता आहे, त्याच्या जगात ऐकू येणारी, हरवू शकणारी. 'लुकिन आउट माय बॅक डोअर' लागलेलं असताना ड्यूड गाडीच्या टपावर हाताने ताल धरतो, मग जळतं थोटूक मांड्यांत पडतं, घाबरून तो बिअर ओततो आणि गाडी कचऱ्याच्या पेटीवर जाऊन आदळते. हे गाणं नशेचं आहे अशी त्या काळी बोलवा होती. खरं तर फोगर्टीने ते आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी लिहिलं होतं, डॉक्टर स्यूसच्या बालपुस्तकाच्या धर्तीवर. नशेतल्या माणसाच्या हाती लहान मुलाचं गाणं, आणि तो त्यात लहान मुलासारखाच रमलेला.

याच सिनेमात 'रन थ्रू द जंगल' येतं ते पैशांच्या देवघेवीच्या प्रसंगात. ड्यूडचा मित्र वॉल्टर व्हिएतनामला जाऊन आलेला, आणि बॉलिंगच्या गुणांपासून अंत्यविधीपर्यंत प्रत्येक गोष्ट व्हिएतनामवर नेणारा. तो पैशांऐवजी मळक्या कपड्यांचं बोचकं बाहेर फेकतो आणि उझी बंदूक घेऊन चालत्या गाडीतून उडी मारतो, गडगडतो, बंदूक आपोआप सुटते आणि गोळ्या ड्यूडच्याच गाडीला बसतात. कोएन बंधूंना त्या गाण्याचा खरा विषय माहीत होता की नाही, मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण व्हिएतनामचं समजलं गेलेलं, प्रत्यक्षात बंदुकांवरचं गाणं, व्हिएतनाममध्ये अडकलेल्या आणि बंदुकीशिवाय न चालणाऱ्या माणसाला लावलं गेलं. फोगर्टीला हवा तो अर्थ आणि सिनेमावाल्यांनी लादलेला अर्थ या दोघांना एकाच गाडीत बसवणारा हा एकच प्रसंग मी पाहिला आहे.

सिनेमातल्या बाकीच्या गाण्यांची निवड बघणाऱ्या टी-बोन बर्नेटने एक किस्सा सांगितला आहे. शेवटी 'रोलिंग स्टोन्स'च्या एका गाण्याची टाउन्स व्हॅन झँटने गायलेली आवृत्ती हवी होती. हक्क अ‍ॅलन क्लाइनकडे, मागणी दीड लाख डॉलर. क्लाइनला सिनेमा दाखवला. टॅक्सीत ड्यूड 'ईगल्स' आपल्याला सहन होत नाहीत असं म्हणतो आणि हाकलला जातो, तिथे क्लाइन खूश होऊन उठला आणि पैसे माफ करून गेला. हक्क ज्याच्या हाती असतात त्याच्या लहरीवर सिनेमा कसा चालतो, ते यावरून दिसतं. 'लेड झेपेलिन'ने आपली लहर स्वतःकडे ठेवली होती. म्हणून 'स्कूल ऑफ रॉक'साठी जॅक ब्लॅकला लोकांची गर्दी मागे उभी करून कॅमेऱ्यात त्यांची विनवणी करावी लागली, आणि कॅमेरन क्रोला 'ऑलमोस्ट फेमस'मध्ये त्यांची बाकी गाणी मिळाली तरी 'स्टेअरवे टू हेवन' मिळालं नाही. झेपेलिनची गाणी सिनेमात आली की बातमी होते. क्रीडन्सची आली तर कोणी मान वळवून बघत नाही. दोन बँडमधला हा फरक संगीताचा नाही.

२००४ साली काँकॉर्ड या कंपनीने फँटसी विकत घेतली आणि फोगर्टीची थांबलेली रॉयल्टी सुरू केली. झँट्स २०१४च्या जानेवारीत वारला. २०२३च्या जानेवारीत फोगर्टीने काँकॉर्डकडून आपल्या गाण्यांच्या हक्कांतला मोठा वाटा विकत घेतला, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. शब्द आणि चाल आता मुख्यतः त्याच्या ताब्यात आहेत. १९६९ सालची ध्वनिमुद्रणं मात्र कंपनीकडेच राहिली. २०२५ साली त्याने मुलांना बरोबर घेऊन ती गाणी नव्याने मुद्रित केली आणि टेलर स्विफ्टची वाट धरून प्रत्येकावर 'जॉन्स व्हर्जन' असं लिहिलं. कोणा दिग्दर्शकाला नवा आवाज चालणार असेल तर आता तीही सोय झाली आहे. जुनाच आवाज हवा असेल तर मात्र अजूनही दोन अर्ज करावे लागतात, आणि त्यांतला एक आता फोगर्टीच्या टेबलावर येतो.